अर्डेला टॉलिव्हरला उठवण्याची कारणं

टोपीचा गोल डबा कपाटावरून खाली आला, की शेजारपाजारच्यांना कळायचं, अर्डेला टॉलिव्हरला पुन्हा ज्यूरीत बसायला कोर्टाचं बोलावणं आलंय. चर्चसाठी तिची जांभळी टोपी होती, मयतासाठी काळी. ही राखी रंगाची, बारीक पिसाची टोपी फक्त कोर्टाची. आणि इतक्या वर्षांत कोर्टानं त्या टोपीला दुपारच्या जेवणापलीकडे कधी थांबवून घेतलं नव्हतं.

"या वेळी नको ना जाऊस, ममा," तिची मुलगी डार्नीस मेम्फिसहून फोनवर म्हणाली. "पासष्टीनंतर सूट मिळते. नुसतं वय सांगायचं. तू तर सत्तरी गाठलीस."

"माझं वय मी देवाला सांगेन. सरकारी वकिलाला कशाला?"

"तो उठवेल तुला. मग आठवडाभर तू माझ्याशी धड बोलणार नाहीस."

"या वेळी नाही उठवणार."

"हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय."

अर्डेलानं फोन खाली ठेवला आणि टोपीच्या पिसावरची धूळ हलकेच फुंकली. डार्नीसचं काही चुकत नव्हतं. पण डार्नीसनं क्लीओटिसमामाला पाहिलं ते तुरुंगातून परत आल्यावर. आधीचा क्लीओटिस तिला माहीत नव्हता.

आधीचा क्लीओटिस म्हणजे दारातून आत येताना चौकटीला हात लावून उडी मारणारा पोरगा. अर्डेलाच्या पाठचा, एकुलता एक भाऊ. एका रात्री मोझली गावातल्या कुणाच्या तरी दुकानाचं दार फुटलं, गल्ला गेला, आणि एका माणसानं सांगितलं की एक उंच पोरगा पळताना पाहिला. उंच पोरांचा मोझलीत काय दुष्काळ होता? पण क्लीओटिस सापडला. ज्यूरीच्या बारा खुर्च्यांवर बाराच्या बारा गोरे बसले होते. ते विचार करायला मागच्या खोलीत गेले, तेव्हा कोर्टाच्या कारकुनानं स्वतःसाठी कॉफी ओतून घेतली. अर्डेला मागच्या बाकावर आईचा हात धरून बसली होती, तिला ते दिसत होतं. त्याची कॉफी संपायच्या आत बारा जण परत आले. कपातून अजून वाफ निघत होती.

क्लीओटिस सरकारी तुरुंगाच्या शेतावर राबायला गेला. परत आला तो खोकला घेऊन. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा, दारातून येताजाता मान खाली घालायचा, चौकटीला डोकं लागणार नाही हे माहीत असूनही. पन्नाशी त्याला दिसली नाही.

भाऊ खरंच निर्दोष होता का, याची खात्री अर्डेलानं कधी कुणाला दिली नाही. तिच्या मनात सल होता तो वेगळा. त्या बारा जणांत 'जरा थांबा' म्हणणारं कुणी नव्हतं. पुढे काही बोलायचं नसलं तरी चालेल. कॉफी गार होईपर्यंत तरी बसू, एवढं म्हणणारं माणूस त्या खोलीत असायला हवं होतं. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, मरायच्या आधी एकदा त्या बारांत बसायचं, आणि एकदा तेवढे दोन शब्द बोलायचे.

ज्यूरीची नावं मतदारयादीतून निघतात. अर्डेलाच्या आईला त्या यादीत नाव घालायला तीनदा परत पाठवलं होतं. पुढे काळ्यांना मत देऊ देणारा कायदा झाला, आईचं नाव लागलं, पाठोपाठ अर्डेलाचंही. मग बोलावणी येऊ लागली. त्या काळी कोर्टातला कारकून गोऱ्या बायकांना 'मिसेस अमुक' अशी हाक मारायचा आणि तिला नुसतं 'अर्डेला'. सरकारी वकील बोट दाखवायचा. बोट आलं की उठायचं, पर्स घ्यायची, घरी जायचं. का, ते कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे.

मग एका वर्षी राजधानीतल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं निकाल दिला की माणसाचा वर्ण बघून त्याला ज्यूरीतून उठवता येणार नाही. शंका घेतली गेली, तर वकिलाला कारण द्यावं लागेल. त्या रविवारी पाद्रीबुवांनी व्यासपीठावरून ते वाचून दाखवलं. बायका रुमाल हलवून 'आमेन' म्हणाल्या. अर्डेलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिची नणंद व्हर्डी मात्र डोळे पुसणाऱ्यांतली नव्हती. घराच्या मागच्या खोलीत ती बायकांचे केस करायची, आणि केस सरळ करायच्या गरम कंगव्यासारखीच तिची जीभ. संध्याकाळी ती म्हणाली, "चला, बरं झालं. आजवर आपल्याला फुकट हाकलत होते, आता कारण देऊन हाकलतील."

"तुझ्या तोंडाला काही धरबंध?"

"वहिनी, मी वाईट बोलत नाहीये. कारण द्यायचं तर आधी शोधावं लागेल ना! बिचाऱ्यांचं काम वाढलं."

पहिलं कारण मिळालं ते झोपेचं. अर्डेला कॅटफिशच्या कारखान्यात रात्रपाळीला होती. पट्ट्यावरून मासे येत, तिनं कातडी सोलायची, पुढचीनं तुकडे करायचे. पाळी संपवून, लिंबानं हात घासून ती थेट कोर्टात गेली होती. सरकारी वकील म्हणाला, "या बाई पेंगत होत्या." न्यायाधीश म्हणाले, "कारण वर्णाचं दिसत नाही. मान्य."

अर्डेलाला ते पटलं. डोळे चुरचुरत होते हे खरंच होतं. पुढच्या वेळी तिनं आदल्या रात्रीची पाळी बुडवली, पगार कापून घेतला, नीट झोपली आणि नवी राखी टोपी घालून गेली. या खेपेला कारण टोपीचं निघालं. अशी टोपी घालणाऱ्या बाईची मतं ठाम असतात, इतर ज्यूररांशी तिचं जमणार नाही. शेजारी बसलेल्या गोऱ्या बाईच्या डोक्यावर टोपी नव्हती, पण केस टोपीपेक्षा वीतभर उंच होते. ती बसून राहिली. कारण मान्य.

मग अर्डेला टोपीशिवाय गेली, हात मांडीवर ठेवून शांत बसली. चेहऱ्यावर रस दिसत नाही, म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळी ती हसतमुखानं बसली, तर बचावाच्या वकिलाकडे बघून हसली, म्हणाले. एकदा तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. तीच लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, जी चर्चमध्ये बायका बाकाखालून एकमेकींना देतात आणि पोरांना दटावतात, 'चावायची नाही, प्रवचन संपेपर्यंत चोखायची.' काहीतरी चघळत होत्या, म्हणाले, न्यायालयाचा मान ठेवत नाहीत. अर्डेलानं त्यानंतर पर्समधून गोळ्या काढून टाकल्या.

"तुला कळत कसं नाही गं?" व्हर्डी चिडायची. "ती कारणं दुरुस्त करायला दिलेली नाहीयेत. भोकाच्या बादलीला तू बाहेरून रंग देतेयस."

"पण पेंगत होते मी, व्हर्डी."

"तो न्यायाधीशही पेंगत होता! त्याला कुणी उठवलं?"

अर्डेला यावर हसली, पण पुढच्या खेपेला पुन्हा तयारी करून गेली. तिचा स्वभावच तसा. कारखान्यात मुकादम म्हणाला, सुरी तिरपी धर, तर ती घरी बटाट्यावर तिरपी सुरी चालवून बघायची. कुणी चूक दाखवली तर ती सुधारता येते, यावर तिचा आईसारखाच विश्वास होता. आई नव्हती का तीनदा परत येऊन चौथ्यांदा पायरी चढली?

मग अशी कारणं आली की ज्यांना तिरपी सुरी चालेना. रेल्वेरुळांच्या पूर्वेला राहते. तिकडे गुन्हे फार. आता घर काय पाठीवर टाकून पश्चिमेला न्यायचं? त्यानंतर विचारलं, घरातल्या कुणाला शिक्षा झाली होती का? शपथ घेतलेली, खोटं कसं बोलणार! तिनं क्लीओटिसचं नाव सांगितलं. त्याला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिच्या पलीकडच्या गोऱ्या गृहस्थाचा मुलगा तर त्या वेळी तुरुंगातच होता. ते गृहस्थ बसून राहिले, अर्डेला उठली. कारण मान्य.

त्या दिवशी ती बसस्टॉपवर खूप वेळ बसली. बस आली, गेली. टोपी, गोळी, झोप, सगळं बदलता आलं. मेलेल्या भावाला ती कुठून दुरुस्त करणार?

आणि आता सत्तरीत पुन्हा बोलावणं. या वेळी तिनं काहीच दुरुस्त केलं नाही. राखी टोपी घातली, पर्समध्ये मूठभर पेपरमिंट टाकले आणि व्हर्डीच्या गाडीतून कोर्टाच्या पायऱ्यांपाशी उतरली.

"जेवायला येशीलच ना बारापर्यंत?" व्हर्डीनं काच खाली करून विचारलं. "वाल शिजत घातलेत."

"झाकून ठेव," अर्डेला म्हणाली.

खटला रॉडरिक नावाच्या पोराचा होता. पेट्रोलपंपावरचं दुकान लुटल्याचा आरोप. मोठा कोट घातलेला, गळ्याशी सैल, कुणाचा तरी मागून आणल्यासारखा. मागच्या बाकावर त्याची आई शर्लीन बसली होती, दोन्ही हातांनी पर्स धरून.

आता नावानं हाका मारत नव्हते, सगळ्यांना नंबर होते. सरकारी वकील तरुण गोरी बाई होती, फार गोड बोलायची. तिनंही घरच्या शिक्षेचं विचारलं. अर्डेलानं हात वर करून सांगितलं, "भाऊ होता." बाईनं मान डोलावली, काहीतरी टिपलं. मग उठवाउठवी सुरू झाली. अर्डेलाच्या रांगेतली काळी माणसं एकेक करून पर्स, टोप्या, जाकिटं उचलून निघाली. कुणाचं घर लांब होतं, कुणी उत्तर देताना खाली बघितलं होतं. कारण मान्य, कारण मान्य. अर्डेलानं आपोआप पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला.

तिचा नंबर आलाच नाही.

ती ज्यूरीच्या कठड्यात जाऊन बसली तेव्हा तिच्या कानात वारं शिरल्यासारखं झालं होतं. बारांखेरीज दोन माणसं राखीव बसवली आहेत, कुणी आजारी पडलं तर हाताशी असावीत म्हणून, आणि ती कोण ते शेवटी सांगू, असं न्यायाधीश म्हणाले. तिनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. खुर्ची फिरती होती. हाताला गुळगुळीत लाकूड. तिला वाटलं, आईला सांगायला हवं. मग आठवलं.

शेजारी लॉनी गेदर बसला होता, शाळेची बस चालवणारा, चाळिशीचा. त्या कठड्यात तिच्याखेरीज काळा असा तोच. लहानपणी रविवारच्या शाळेत तिच्यासमोर वळवळणारा लॉनी.

"मिस अर्डेला," तो कुजबुजला, "अखेर बसलात."

"सरळ बस," ती म्हणाली. "पाठीला बाक आहे तुझ्या."

खटला तीन दिवस चालला. व्हर्डीचे वाल रोज रात्री गरम होऊन येत. "काय चाललंय गं आत?" ती विचारी, आणि अर्डेला म्हणे, "बोलायची परवानगी नाही." व्हर्डी चडफडे. "चाळीस वर्षं वाट बघितली, आणि बोलायचं नाही!"

"बोलेन. वेळ आली की आत बोलेन."

ती लक्ष देऊन ऐकत होती. दुकानदार म्हणाला, लुटारूनं डोळ्यांपर्यंत फडकं बांधलं होतं. मग तोच म्हणाला, हाच तो, मी कुठेही ओळखेन. कशावरून? बचावाच्या वकिलानं विचारलं खरं, पण अर्धवट, घड्याळाकडे बघत. अर्डेलाच्या मनात तो प्रश्न काट्यासारखा राहिला. रॉडरिकनं केलं असेल, नसेलही. पण फडक्याच्या वरच्या दोन डोळ्यांवर पोराचं आयुष्य ठरवायचं, तर निदान बसून बोलायला हवं. रात्री पलंगावर पडल्या पडल्या ती वाक्य जुळवत राही. आधी 'जरा थांबा' म्हणायचं. मग म्हणायचं, मला ते फडकं समजावून सांगा. आवाज चढवायचा नाही. ठाम मतांची बाई म्हणतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही वकिलांचं बोलून झालं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि आता बारा जण विचारविनिमयाला आत जातील, निकाल एकमतानं हवा, राखीव दोघे मोकळे, असं म्हणून दोन नंबर वाचले. एक नंबर मागच्या रांगेतल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याचा होता. दुसरा अर्डेलाचा.

"तुमची सेवा इतरांइतकीच मोलाची आहे," न्यायाधीश म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत असावेत. "न्यायालय आपलं आभारी आहे, मॅडम."

मॅडम. पूर्वीच्या कारकुनाला हे ऐकवायला हवं होतं.

 म्हातारा उठून टोपी शोधू लागला, सुटलो म्हणून खुशीत. अर्डेला उठली. दोन रात्री जुळवलेलं वाक्य घशात तसंच होतं, आणि ते इथे सांडायची परवानगी नव्हती. कोर्टाचा शिपाई वाट दाखवायला उभा. तिनं पर्स उघडली, चाचपली, आणि एक पेपरमिंट लॉनीच्या तळहातावर ठेवला.

"चावू नकोस," ती म्हणाली. "सावकाश चोख."

लॉनीनं तिच्याकडे वर बघितलं. रविवारच्या शाळेत बघायचा तसंच. मग मूठ मिटली आणि इतरांच्या मागून आत गेला. दार लागलं.

अर्डेला घरी गेली नाही. ती मागे जाऊन शर्लीनच्या बाकावर बसली. शर्लीननं आधी संशयानं बघितलं. एवढा वेळ ही बाई पलीकडे बसली होती.

"तुम्ही आत का नाही गेलात?"

"मी जास्तीची होते, बाळा."

 शर्लीननं आपला कोट सरकवून जागा केली. भिंतीपाशी कॉफीचं यंत्र होतं, कारकुनानं त्यातून कप भरून घेतला. अर्डेला त्या कपाकडे बघत राहिली. त्यानं कॉफी प्यायली. कप धुतला, पालथा घातला. दार उघडलं नाही.  थांबले आहेत. आत कुणीतरी थांबवलंय.

खिडकीतलं ऊन बाकावरून जमिनीवर उतरलं. हॉटेलातला माणूस खोक्यांत जेवण घेऊन आला, शिपायानं ते आत नेलं. व्हर्डी गाडी लावून वर आली, अर्डेलाला बाकावर बघून तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता शेजारी बसली.

जेवण आत गेल्यावर फार वेळ लागला नाही. बारा जण ओळीनं आले. लॉनीनं बाकाकडे बघितलं नाही, तेव्हाच अर्डेलाला कळलं. तिनं शर्लीनच्या हातावर हात ठेवला, निकाल वाचायच्या आधीच. दोषी. शर्लीन ओरडली नाही. तिच्या घशातून नुसता श्वास आला, जड सामान खाली ठेवताना येतो तसा. रॉडरिकनं मागे वळून आईला मान हलवली, मीच तुला धीर देतो असं म्हटल्यासारखी, आणि त्याला बाजूच्या दारानं नेलं.

बाहेर गाड्या लावायच्या जागी लॉनी तिची वाट बघत उभा होता. टोपी काढलेली, हातात चुरगळलेली.

"मी म्हटलं, मिस अर्डेला. म्हटलं, जरा थांबा, ते फडक्याचं मला कळलेलं नाही. तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत होतं."

"मग?"

"थांबले. नाही असं नाही. माझ्याबरोबर अजून एक बाई होती, गोरी, ती पण म्हणाली, थांबू या." त्यानं खाली बघितलं. "मग जेवण आलं."

व्हर्डीनं गाडीचं दार उघडून धरलं होतं.

"काय होतं जेवायला?" अर्डेलानं विचारलं.

"तळलेला कॅटफिश." लॉनी म्हणाला. "गार होईल, म्हणाले सगळे. त्या बाईनं पण मग हात वर केला. मी एकटा उरलो. सगळे माझ्याकडे बघत होते, खोकी तशीच बंद. एकटं राहायला नाही जमलं मला."

अर्डेलाला त्याला खूप काही बोलता आलं असतं. तिनं त्याच्या हातातली टोपी घेतली, चुरगळलेली कड अंगठ्यानं सरळ केली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"घरी जा, लॉनी. सकाळी पोरं वाट बघतील बसची."

व्हर्डीनं गाडी काढली. रूळ ओलांडताना म्हणाली, "वाल आहेत अजून."

"गरम कर."

रात्री डार्नीसचा फोन आला. तिला व्हर्डीकडून सगळं कळलं होतं. "आता तरी पुढच्या वेळी सूट घेशील ना, ममा?"

अर्डेलाच्या मांडीवर टोपीचा डबा होता. तिनं पीस आत नीट दुमडलं, झाकण लावलं, आणि कपाटाकडे बघितलं. वर ठेवायचं तर स्टूल आणायला हवं होतं, आणि गुडघे आज साथ देत नव्हते.

"बघू," ती म्हणाली, आणि डबा खाली, पलंगाशेजारीच राहू दिला.